उपचार-योजनेचा मसुदा

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मोटार-अपघाताने जखमी झालेल्या मनुष्याच्या हाती जी अनेक कागदपत्रे पडतात, त्यांपैकी ज्या एका कागदावर त्याच्या पुढील कित्येक महिन्यांच्या उपचारांचे भवितव्य अवलंबून असते, तो कागद त्याने स्वतः लिहिलेला नसतो, पुष्कळदा त्याने तो नीट वाचलेलाही नसतो, आणि तरीही त्यावर स्वाक्षरी मात्र त्याची असते. या कागदाचे सरकारी नाव ‘उपचार व मूल्यमापन योजना’ असे असून क्लिनिकांत, वकिलांच्या कचेऱ्यांत आणि विमा कंपन्यांच्या दप्तरांत तो ‘ओसीएफ-18’ या नावाने ओळखला जातो. ओसीएफ म्हणजे ‘ऑन्टॅरिओ क्लेम्स फॉर्म’. या मालिकेतील इतर बहुतेक अर्ज घडलेल्या गोष्टींची नोंद करतात. अठरा क्रमांकाचा अर्ज मात्र पुढे काय करावयाचे आहे, ते कोणत्या कारणाने करावयाचे आहे आणि त्यास किती खर्च येईल, हे आधी मांडून त्यास मंजुरी मागतो. म्हणून त्याला मी दुखावलेल्या शरीराची कैफियत समजतो, आणि ज्याचे शरीर आहे त्याने ती कैफियत तयार होत असताना उपस्थित असले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

अशा पूर्वमंजुरीची पद्धत का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अपघातात चूक कोणाची हे न्यायालयात सिद्ध करावयाचे, आणि ते सिद्ध झाल्यावरच जखमी इसमाला नुकसानभरपाई मिळावयाची, ही जुनी रीत न्यायाच्या दृष्टीने कितीही शुद्ध असली, तरी मोडलेले हाड न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही, ही तिची मोठी उणीव होती. 1946 साली सस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लस यांच्या सरकारने दोषाचा विचार न करता मर्यादित लाभ देणारी मोटार-विम्याची योजना अमलात आणली. 1965 साली अमेरिकेतील रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओकॉनेल या दोन कायदेपंडितांनी या तत्त्वाची सविस्तर मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर दोषनिरपेक्ष विम्याची कल्पना उत्तर अमेरिकेत निरनिराळ्या रूपांनी पसरली. ऑन्टॅरिओत 22 जून 1990 रोजी डेव्हिड पीटरसन यांच्या कारकीर्दीत ती व्यापक स्वरूपात आली. 1994 आणि 1996 साली दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांनी तिची फेररचना केली. आणि 1 सप्टेंबर 2010 पासून जो विनियम लागू झाला, त्याच्याच चौकटीत आजचे अर्ज भरले जातात. चूक कोणाची हा प्रश्न बाजूला सारल्यावर त्याच्या जागी दुसरा प्रश्न येणे अपरिहार्य होते : हा उपचार वाजवी आहे काय, आणि तो आवश्यक आहे काय? अठरा क्रमांकाचा अर्ज जन्मास आला तो या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी.

महाराष्ट्रातून तेथे जाऊन राहिलेल्या कुटुंबांना ही व्यवस्था प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, याचे कारण उघड आहे. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज दाखल करावयाचा, पुरावा रुजू करावयाचा, आणि अखेरीस एक ठोक रक्कम मिळवावयाची, अशी सवय आहे. दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाईही आपल्याकडे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 164 प्रमाणे ती मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. परंतु तीही ठोकच. ऑन्टॅरिओत वैद्यकीय लाभाची रक्कम जखमी इसमाच्या हातात एकगठ्ठा पडत नाही. ती उपचारागणिक, योजनेगणिक मंजूर होते, आणि बहुतेक वेळा थेट उपचार करणाऱ्याकडे जाते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ मराठी घरांत नाहक चिंता उत्पन्न होते. मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिन्यांसाठी राहावयास आलेले आईवडील प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात सामान्यतः मोडत नाहीत; त्यामुळे त्यांना मोटारीत बसले असता अपघात झाला, तर आता सर्व खर्च आपल्यालाच सोसावा लागणार, अशी भीती घरच्यांना वाटते. वस्तुतः अपघात-लाभ हे मोटारीच्या विम्याला जोडलेले असतात. ज्याच्या नावे स्वतःचा मोटार-विमा नाही अशा प्रवाशाने तो ज्या गाडीत बसला होता तिच्या विमा कंपनीकडे, आणि पादचाऱ्याने ज्या गाडीने धडक दिली तिच्या कंपनीकडे अर्ज करता येतो. पाहुणा म्हणून आलेल्या सासूबाईंच्या मनगटाच्या उपचारांसाठीही हाच अठरा क्रमांकाचा अर्ज भरला जातो.

तथापि हा अर्ज पहिला नव्हे. अपघातानंतर सात दिवसांच्या आत, किंवा ते अशक्य असल्यास शक्य तितक्या लवकर, विमा कंपनीस वर्दी द्यावी लागते. कंपनीकडून अर्ज हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिल्या क्रमांकाचा मूळ अर्ज भरून परत करावयाचा असतो. काम करणे अशक्य झाले असेल आणि उत्पन्नाची भरपाई हवी असेल, तर तिसऱ्या क्रमांकाचा असमर्थतेचा दाखला डॉक्टरांकडून किंवा अन्य अधिकृत उपचारकर्त्याकडून घ्यावा लागतो. या पायऱ्या सरळ आहेत. मुदती पाळल्या आणि प्रत्येक कागदाची नक्कल घरी ठेवली, म्हणजे त्यांत विशेष अडचण येत नाही.

खरी अडचण यापुढे येते, आणि तिचे नाव ‘किरकोळ इजा’ असे आहे. विनियमाच्या व्याख्येप्रमाणे मुरगळणे, स्नायू ताणला जाणे, मानेला हिसका बसून उद्भवणारे विकार, मुका मार, खरचटणे, कातडी फाटणे, सांधा अंशतः सरकणे, आणि यांच्या पाठोपाठ वैद्यकीयदृष्ट्या येणारी लक्षणे, या सर्वांचा समावेश किरकोळ इजेत होतो, आणि अशा जखमी इसमासाठी वैद्यकीय व पुनर्वसनाच्या लाभाची कमाल मर्यादा 3,500 डॉलर आहे. या वर्गातील इसमाचे पहिले उपचार तेविसाव्या क्रमांकाच्या सोप्या अर्जावर, ठरावीक टप्प्यांनी, सुमारे बारा आठवडे चालतात, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्टीची पूर्वमंजुरी मागावी लागत नाही. ज्याची इजा या व्याख्येबाहेर जाते, पण ‘भयंकर’ या कायदेशीर वर्गात मोडत नाही, त्याच्यासाठी 1 जून 2016 नंतरच्या मूळ विमापत्रांत औषधोपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषा या सर्वांची मिळून मर्यादा 65,000 डॉलर आहे, आणि प्रौढ इसमास ती सामान्यतः पाच वर्षांपर्यंतच वापरता येते; मेंदूची गंभीर इजा, अर्धांगवायू यांसारख्या भयंकर हानीसाठी ती दहा लक्ष डॉलर आहे. साडेतीन हजार आणि पासष्ट हजार यांतील अंतर पाहिले, म्हणजे विमा कंपनी आणि जखमी इसम यांच्यातील बहुतेक तंटे या एकाच उंबरठ्यावर का घडतात, हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. 2010 साली ठरलेली साडेतीन हजारांची मर्यादा त्यानंतर वाढलेली नाही, आणि मधल्या काळात उपचारांचे दर व जीवनाचा सर्वच खर्च किती वाढला हे लक्षात घेता, ज्याची वेदना बाराव्या आठवड्यानंतरही टिकून राहते अशा माणसावर ही मर्यादा अन्याय करते, असे मला वाटते.

म्हणून अठरा क्रमांकाचा अर्ज भरणाऱ्याने पहिल्यापासून एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी : ही इजा किरकोळ नाही, असे जर त्याचे म्हणणे असेल, तर ते का नाही, हे कागदावरून दिसले पाहिजे. त्याला मुख्यतः तीन वाटा आहेत. इजा मुळातच व्याख्येबाहेरची असते, जसे हाड मोडणे, मेंदूला हादरा बसणे किंवा मज्जातंतूला इजा होणे. किंवा अपघातामुळे मनावर झालेला परिणाम, अथवा कायमस्वरूपी वेदनेचे स्वतंत्र दुखणे, इतके ठळक असते की त्यास शारीरिक इजेचे केवळ अनुषंग म्हणता येत नाही. किंवा, आणि ही वाट पुष्कळांना ठाऊक नसते, जखमी इसमास अपघातापूर्वीच असा एखादा विकार होता, ज्याची नोंद अपघातापूर्वी वैद्याच्या दप्तरी झालेली होती, आणि ज्यामुळे साडेतीन हजारांत तो पुरेसा बरा होऊ शकणार नाही, असा सबळ पुरावा आहे. जुना मधुमेह किंवा जुनी कंबरदुखी सांगितली तर कंपनी सर्व दोष तिच्यावरच ढकलील, या भीतीने ती लपविणारे लोक स्वतःचेच नुकसान करून घेतात. अर्जात पूर्वीच्या विकारांसाठी स्वतंत्र रकाना आहे; गेल्या वर्षभरात त्यासाठी तपासणी किंवा उपचार झाले होते काय, हेही तेथे विचारलेले असते. तो रकाना प्रामाणिकपणे आणि पूर्वीच्या दप्तराच्या आधाराने भरणे हे नीतीच्या दृष्टीने तर योग्य आहेच, पण ते जखमी इसमाच्या हिताचेही आहे.

आता अर्जाच्या अंतरंगाकडे वळू. त्यावर प्रमाणपत्रादाखल स्वाक्षरी करण्याचा अधिकार कायद्याने मोजक्या व्यावसायिकांना दिलेला आहे : डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर, मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नेत्रतपासणी करणारे ऑप्टोमेट्रिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि नर्स प्रॅक्टिशनर. मसाज-थेरपिस्टने कितीही कसोशीने उपचार केले, तरी त्याच्या एकट्याच्या स्वाक्षरीवर योजना उभी राहत नाही. वरीलपैकी कोणी तरी ती तपासून, हे उपचार वाजवी व आवश्यक आहेत, असे प्रमाणित करावे लागते. क्लिनिककडून हा अर्ज ‘एचसीएआय’ नावाच्या सामायिक विद्युत्-प्रणालीतून कंपनीकडे जातो. 2011 सालापासून ही पद्धत सक्तीची आहे, आणि तिच्यामुळे अर्ज कोणत्या दिवशी पोहोचला याविषयीचा जुना वाद पुष्कळसा मिटला आहे. याचा एक तोटाही झाला : अर्ज पडद्यावर भरला जातो, पडद्यावरूनच पाठविला जातो, आणि जखमी इसमाने मागितल्याशिवाय त्याची छापील प्रत त्याच्या हाती पडतेच असे नाही.

एक कल्पित उदाहरण घेतल्याने पुढील भाग स्पष्ट होईल. ब्रॅम्प्टन येथील एका गोदामात काम करणाऱ्या, बेचाळीस वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातून तेथे गेलेल्या एका बाईंची मोटार हायवे 401 वर वाहतूक तुंबल्यामुळे थांबली असता मागून ट्रकची धडक बसली, असे समजू. त्यांची मान दुखते, उजवा खांदा जड झाला आहे, आणि उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात. क्लिनिकात गर्दीच्या वेळी भरलेल्या अर्जात ‘मानेचा ताण’ एवढेच लिहिले गेले, आणि रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ‘एस 13.4’, म्हणजे मानेचे मुरगळणे व ताणले जाणे, हा एकच संकेतांक नोंदला गेला, तर त्या बाई त्याच क्षणी किरकोळ इजेच्या वर्गात जाऊन बसल्या. तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टने जर दंडाच्या पुढच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली आहे, अंगठ्याच्या बाजूची संवेदना कमी आहे, आणि उजव्या हाताची पकड डावीपेक्षा दुर्बळ आहे, हे प्रत्यक्ष पाहून लिहिले, आणि मानेतील मज्जातंतूच्या मुळाला झालेल्या इजेचा ‘एस 14.2’ हा संकेतांक तपासणीच्या आधाराने नोंदला, तर त्याच बाईंचे प्रकरण वेगळ्या मार्गाने जाते. मानेच्या हिसक्याचे विकार किती गंभीर आहेत याची प्रतवारी 1995 साली क्वेबेकच्या तज्ज्ञ-मंडळाने केलेली आहे, आणि मज्जातंतूची वस्तुनिष्ठ चिन्हे हाच तिच्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीमधील भेद आहे. येथे अतिशयोक्तीला किंचितही जागा नाही. जे चिन्ह तपासणीत दिसले नाही ते लिहिणे हा अपराध आहे, पण जे दिसले ते न लिहिणे हाही रुग्णावर केलेला अन्यायच होय.

इजेनंतरचा रकाना कार्यमर्यादेचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण अर्जाचा प्राण त्यात आहे. नोकरीतील कामे आणि दैनंदिन जीवनातील कामे, या दोहोंवर इजेचा काय परिणाम झाला, असा तेथे प्रश्न असतो. पुष्कळ अर्जांत त्याचे उत्तर ‘होय, वेदनेमुळे’ एवढ्यावर आटोपते. कंपनीचा जो अधिकारी हा अर्ज वाचणार, तो अ‍ॅडजस्टर, त्याने या बाईंना कधीही पाहिलेले नाही. त्याच्या मेजावर त्या दिवशी असे अनेक अर्ज आहेत. त्याला ‘वेदना’ या शब्दावरून काहीही कळत नाही. त्याऐवजी, या बाईंना अपघातापूर्वी पाळीभरात सुमारे पंधरा किलो वजनाची खोकी खांद्याच्या उंचीवरील फळीवर ठेवावी लागत, आता पाच किलोवर वजन उचलले की मुंग्या वाढतात. मान उजवीकडे पुरती वळत नसल्यामुळे त्या लेन बदलू शकत नाहीत, म्हणून स्वतः मोटार चालवीत नाहीत. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना पाच मिनिटांत हात खाली ठेवावा लागतो. रात्रीत तीनदा झोपमोड होते, असे लिहिले, तर त्या वाक्यांतून एक माणूस उभा राहतो आणि त्याच्या मागणीला अर्थ येतो. ही हकीगत सांगणे उपचार करणाऱ्याचे काम नाही, कारण ती त्याला माहीतच नसते. ती जखमी इसमानेच सांगावयास हवी. आपल्याकडील स्त्रियांना स्वयंपाकघरातील आपल्या श्रमांना काम म्हणण्याची सवय नाही, आणि म्हणून त्या डॉक्टरांपुढे ‘घरचे काय, होते हळूहळू’ असे म्हणून मोकळ्या होतात. त्यांनी तसे करू नये. कणीक मळणे, लहान मुलाला उचलून घेणे, जमिनीवर बसून उठणे, ही सर्व दैनंदिन जीवनातील कामेच आहेत, आणि अर्ज त्यांचीच चौकशी करतो.

कार्यमर्यादेतून उद्दिष्टे निघतात. अर्जात वेदना कमी करणे, हालचालीची व्याप्ती वाढविणे, बळ वाढविणे ही उद्दिष्टे एका बाजूला, आणि नेहमीच्या जीवनक्रमाकडे, पूर्वीच्या कामाकडे अथवा हलक्या कामाकडे परतणे ही दुसऱ्या बाजूला दिलेली असतात. केवळ वेदनाशमन हेही वैध उद्दिष्ट आहे, हे लवादांच्या निर्णयांत मान्य झालेले आहे. तरीसुद्धा ज्या योजनेत वेदनाशमनाला कामाची जोड दिलेली असते, ती अधिक बळकट ठरते. वरील बाईंच्या योजनेत ‘आठ आठवड्यांत दहा किलो वजन कमरेच्या उंचीपर्यंत उचलता येणे, आणि चार तासांच्या हलक्या कामावर रुजू होणे’ असे लिहिले, म्हणजे उद्दिष्ट गाठले की नाही हे पुढे कोणालाही तपासता येते. यास लागूनच प्रगती कशी मोजणार, हा प्रश्न येतो. हालचालीचे अंश मोजता येतात, पकडीचे बळ डायनॅमोमीटरने मोजता येते. आणि मानेच्या दुखण्यासाठी 1991 साली प्रसिद्ध झालेली ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ ही दहा भागांची आणि पन्नास गुणांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. ती पहिल्या दिवशीच भरून घेतलेली नसेल, तर आठ आठवड्यांनंतर मिळालेल्या गुणांची तुलना कशाशी करावयाची?

सुधारणेच्या मार्गातील अडथळे कोणते, असाही एक प्रश्न तेथे असतो आणि तो बहुधा रिकामा राहतो. मोटारीत बसण्याची भीती, क्लिनिकपर्यंत जाण्यास वाहन नसणे, इंग्रजी नीट न समजणे, कामावरून काढून टाकतील या धास्तीने दुखऱ्या अंगाने पाळी करणे, या गोष्टी लाजेच्या नाहीत. त्या लिहिल्याने उपचार लांबण्याचे कारण स्पष्ट होते, आणि पुढे मानसोपचाराची किंवा दुभाष्याची गरज पडली तर तिचे बीज पहिल्याच अर्जात सापडते.

यानंतर खर्चाचा तक्ता. प्रत्येक उपचाराचा संकेतांक, तो देणारी व्यक्ती, किती वेळा, किती वेळ आणि काय दर, हे तेथे मांडावयाचे असते. दर मनास येईल तसे लावता येत नाहीत. 2014 साली जाहीर झालेल्या दरपत्रकात सर्वसाधारण प्रकरणी फिजिओथेरपिस्टचा कमाल दर ताशी 99.75 डॉलर, आणि मसाज-थेरपिस्टचा 58.19 डॉलर ठरविला होता. फिजिओथेरपीचे एकेक तासाचे सोळा उपचार धरले तर 1,596 डॉलर होतात, मसाजचे आठ धरले तर 465 डॉलर 52 सेंट. अर्ज भरण्याबद्दल क्लिनिकला 200 डॉलरपर्यंत आकार घेता येतो. म्हणजे ही साधी योजना 2,261 डॉलर 52 सेंटवर जाते. एखाद्या तज्ज्ञाकडून मूल्यमापन करून अहवाल घ्यावयाचा असल्यास त्याची मर्यादा 2,000 डॉलर आहे. जखमी इसमाने या तक्त्याकडे स्वतःच्या पैशाकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे, कारण मंजूर झालेली रक्कम, मूल्यमापनांच्या अहवालांसह, त्याच्याच साडेतीन अथवा पासष्ट हजारांतून वजा होते. उपचारांपेक्षा अहवालांवरच अधिक खर्च करणारी योजना त्याच्या भविष्यातील उपचार खाऊन टाकते.

दुसऱ्या विम्याची चौकशी याच अर्जात होते. नोकरीतून मिळालेला किंवा पती-पत्नीपैकी कोणाच्याही नोकरीतून मिळणारा आरोग्य-विमा असल्यास, 2010 च्या विनियमाप्रमाणे प्रथम तो वापरून उरलेला भागच मोटार-विम्याकडे मागावयाचा असतो. 2024 च्या प्रांतिक अर्थसंकल्पात हा क्रम उलटविण्याचे, म्हणजे मोटार-विम्याने प्रथम पैसे देण्याचे, सरकारने जाहीर केले आणि त्यासाठी 1 जुलै 2026 ही तारीख ठरविली. तेव्हा आपला अपघात कोणत्या तारखेचा आणि आपले विमापत्र केव्हाचे, हे या बाबतीत पाहूनच पाऊल टाकावे.

आता स्वाक्षरी. कोरा अर्ज पुढे करून ‘येथे सही करा, बाकीचे आम्ही भरतो’ असे कोणी म्हणाले, तर ते नम्रपणे पण ठामपणे नाकारावे. ते सांगणारा मनुष्य लबाड असेलच असे नाही, तो केवळ घाईत असेल. परंतु अर्जात काय लिहिले आहे त्याची जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्यावर पडते, आणि न घेतलेल्या उपचारांची मागणी त्याच्या नावाने गेली तर खुलासाही त्यालाच करावा लागतो. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. मराठीत समजावून सांगणारा मुलगा, सून किंवा शेजारी सोबत न्यावा. आणि प्रत मागून घ्यावी. तसेच, अर्ज कंपनीस पोहोचण्यापूर्वी झालेल्या खर्चाची भरपाई करण्यास कंपनी सामान्यतः बांधलेली नसते. रुग्णवाहिका, अपघातानंतरच्या पाच कामकाजी दिवसांतील तातडीच्या गोष्टी, औषधे, आणि 250 डॉलरपर्यंतच्या वस्तू हे या नियमाचे मुख्य अपवाद आहेत. आधी उपचार आणि मागाहून कागद, हा क्रम येथे महाग पडतो.

अर्ज पोहोचला की कंपनीच्या बाजूचे घड्याळ सुरू होते. दहा कामकाजी दिवसांत तिने कोणत्या बाबी मंजूर, कोणत्या नामंजूर, हे कळविले पाहिजे, आणि नामंजुरीची वैद्यकीय व इतर कारणे दिली पाहिजेत. ‘वाजवी व आवश्यक वाटत नाही’ एवढे एक वाक्य म्हणजे कारण नव्हे. नकार देताना विमेदाराला दाद मागण्याचा मार्ग सामान्य, कायदा न शिकलेल्या माणसालाही कळेल अशा सरळ भाषेत सांगितला पाहिजे, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली स्पष्ट केले आहे. दहा दिवसांची मुदत कंपनीने चुकविली, तर तिला या इसमाची इजा किरकोळ आहे अशी हरकत घेता येत नाही, आणि अकराव्या कामकाजी दिवसापासून ती योग्य सूचना देईपर्यंतच्या काळात झालेल्या, योजनेतील उपचारांचे पैसे द्यावे लागतात. हा नियम कंपनीस जाचक वाटेल, पण दुखण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत, आणि म्हणून मला तो या विनियमातील सर्वांत न्याय्य नियमांपैकी एक वाटतो.

कंपनी नामंजूर करताना पुष्कळदा आपल्या पसंतीच्या वैद्याकडून तपासणी करविते. अशी सूचना आली की घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तिकडे न जाणे मात्र महागात पडते, कारण योग्य सूचना देऊनही तपासणीस न गेलेल्या इसमाचा पुढील दावा असे तंटे सोडविणाऱ्या न्यायाधिकरणापुढे अडतो. तपासणाऱ्या वैद्यापुढे अर्जात लिहिलेल्याच गोष्टी, कमी न करता आणि वाढवूनही न सांगता, सांगाव्यात. अहवाल कंपनीस मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत त्याची नक्कल जखमी इसमास द्यावी लागते. ती मिळताच आपल्या उपचारकर्त्याला दाखवून त्याचे लेखी उत्तर घ्यावे.

नकार कायम राहिला, तर 1 एप्रिल 2016 पासून असे तंटे ‘लायसेन्स अपील ट्रिब्युनल’ या न्यायाधिकरणापुढे जातात. आधी न्यायालयात जाण्याचा मार्ग आता बंद आहे. तेथे अर्ज करण्याची मुदत नामंजुरीपासून दोन वर्षांची आहे, आणि ती प्रत्येक योजनेला वेगवेगळी लागते. ज्यांची पहिली योजना मार्चमध्ये, दुसरी ऑगस्टमध्ये आणि तिसरी पुढील वर्षी नामंजूर झाली, त्यांच्या तीन मुदती तीन निरनिराळ्या दिवशी संपतात. शेवटच्या नकारावरून हिशेब धरून बसलेला मनुष्य पहिल्या दोन योजनांचा हक्क गमावून बसतो. पुढील प्रत्येक योजनेत, मागील योजनेच्या अखेरीस किती सुधारणा झाली, हाही प्रश्न असतो, आणि नाकारलेल्या योजनेनंतर तेथे ‘उपचारच झाले नाहीत, म्हणून सुधारणा झाली नाही, पकड पूर्वीइतकीच दुर्बळ आहे’ असे मोजमापासह लिहिणे आवश्यक असते, कारण न्यायाधिकरणापुढे प्रकरण उभे राहील तेव्हा मधल्या काळात ते शरीर कोणत्या अवस्थेत होते, याची नोंद दुसऱ्या फारच थोड्या कागदांत सापडते.